उच्छ्वास

जलस्रोत उष्मापंप म्हणजे पाण्यातील उष्णता उचलून घरात आणून सोडणारे यंत्र होय. ते उष्णता निर्माण करीत नाही, केवळ तिची बदली करते, आणि म्हणूनच १ युनिट विजेच्या मोबदल्यात ३ ते ४ युनिटांइतकी ऊब देऊ शकते. लॉर्ड केल्विन यांनी १८५२ साली या यंत्राची कल्पना मांडली आणि १९३८ साली झुरिकच्या नगरभवनाला लिमात नदीच्या पाण्यातून ऊब मिळू लागली. या दोन्ही प्रसंगी प्रस्तुत लेखकाचा सल्ला घेण्यात आला नव्हता, आणि ही उणीव त्याने मिनेसोटातील आपल्या घरामागच्या तळ्यात भरून काढण्याचे ठरविले.

पाणी ४ अंश सेल्सियस तापमानाला सर्वांत जड असते, त्यामुळे तळे वरून गोठले तरी तळाशी साधारण तेवढ्या तापमानाचे पाणी शिल्लक राहते, आणि उष्मापंपाला एवढी पुंजी पुरते. तेथे पॉलिथिलीनच्या नळीची वेटोळी बुडवून त्यांत पाणी व गोठण्यास अटकाव करणारे ग्लायकॉल यांचे मिश्रण सतत फिरवतात. तोच द्रव पुन्हा पुन्हा घरातून तळ्यात व तळ्यातून घरात जात असल्याने या रचनेला क्लोज्ड लूप, म्हणजे बंद फेरा, म्हणतात. नळीचे सांधे तापलेल्या साच्यावर वितळवून एकजीव करायचे असतात, आणि सॉफ्टवेअरच्या व्यवसायात हयात गेल्यामुळे मेमरी लीकखेरीज अन्य कोणत्याही गळतीशी ज्याचा परिचय नाही, अशा लेखकाने हे काम तीन पुस्तिका वाचून स्वतः केले. मदतीस बोलावलेल्या वयस्कर प्लंबरकडे फक्त चर खणणे आणि होकार देणे एवढेच काम ठेवले होते.

येथे कात्रजच्या नळाविषयी थोडे विषयांतर अपरिहार्य आहे. निदान लेखकाला ते त्या दिवशी तसे वाटले. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत बांधलेल्या या नळाने कात्रजच्या तळ्यातील पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि वाटेतल्या पेठांच्या हौदांत येत असे. त्याला पंप नव्हता, वीज नव्हती, होता तो फक्त जमिनीचा उतार आणि तो अचूक ओळखणारी नजर. काळा हौद, बदामी हौद ही नावे पुणेकर आजही पत्ता सांगताना घेतात, मात्र त्या हौदांत पाणी कोठून येत असे, हे विचारल्यास पत्ता विचारणाऱ्याचाच उद्धार करतात. या नळाचे खरे सौंदर्य म्हणजे त्याचे उच्छ्वास: बंदिस्त नळात कोंडलेली हवा पाण्याची वाट अडवते, म्हणून ती बाहेर पडावी यासाठी ठिकठिकाणी ठेवलेली बांधीव तोंडे. अठराव्या शतकातील गवंड्याने नळालाही श्वास सोडावा लागतो हे ओळखावे, आणि त्या सोयीला इतके नेमके नाव मिळावे, याबद्दलचा अभिमान लेखकाने प्लंबरला इंग्रजीतून पाऊण तास समजावून सांगितला. त्याने तो टोपी काढून ऐकला आणि शेवटी एवढेच विचारले की, मग या नळीतली हवा कोठून काढायची आहे?

लेखकाने ते कुतूहल समजून दुर्लक्षिले. वस्तुतः नळीतील हवा रेटून बाहेर काढण्यासाठी द्रवाला सेकंदाला किमान २ फूट वेग द्यावा लागतो आणि त्यासाठी जोरकस पंपाची खास गाडी आणतात. बागेच्या पाइपाने ते साधत नाही. शिवाय पॉलिथिलीन पाण्याहून किंचित हलके असल्याने वेटोळ्यांना वजने बांधावी लागतात, आणि ती लेखकाने काटेकोर हिशेबाने, म्हणजे कमी, बांधली होती. परिणामी तीनपैकी दोन वेटोळी बुडाली आणि तिसरे शेजाऱ्यांच्या साक्षीने तळ्याच्या मध्यभागी वर आले. संध्याकाळपर्यंत त्यावर चार बदके बसली होती. डोक्यात हवा गेलेली माणसे पुष्कळ असतात, पण ती हवा तरंगताना पाहण्याचे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते.

दुसऱ्या दिवशी प्लंबरने पंपाची गाडी आणली आणि एक शब्दही न बोलता, जे बोलण्याहून वाईट होते, नळीचा उच्छ्वास करविला.

या साऱ्या खटाटोपाचे कारण पुस्तिकांत नव्हते. लेखकाच्या आई त्या वर्षी प्रथमच हिवाळ्यात राहावयास येणार होत्या. सदाशिव पेठेतील वाड्यात तांब्याचा बंब पहाटे पाचला त्या पेटवीत, ढलप्या घालीत, डोळे चोळीत, सर्वांना आंघोळीला घालीत आणि सर्वांत शेवटी, विझत आलेल्या बंबातील कोमट पाण्याने स्वतः उरकीत. हे पाणी कोमट असते, हे लेखकाला चाळिशी उलटेपर्यंत कळलेले नव्हते.

डिसेंबरात तळे गोठले आणि घर उबदार राहिले. आई खिडकीशी बसून बर्फाकडे पाहत असताना लेखकाने त्यांना केल्विनपासून ग्लायकॉलपर्यंत सर्व समजावून सांगितले, त्यांनीही ते प्लंबरइतक्याच शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे ऊब आपण काढून घेतो. मग खाली माशांना उरतं ना रे काही?"

उत्तर ४ अंश असे होते. लेखकाने ते दिले नाही. उठून थर्मोस्टॅट एका अंशाने खाली केला आणि आईंच्या पायांवर शाल घातली.