बावीस गुंठ्यांची किंमत

एडिसन, न्यू जर्सी
12 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर सांगितलं तर तुम्ही चिडून ठेवून द्याल, म्हणून पत्र. गेल्या पाडव्याला तुम्ही हौसेने फेरफार करून डोंगराखालचे बावीस गुंठे माझ्या नावावर चढवलेत. तो सातबारा आता अमेरिकन सरकारच्या दारात जाऊन उभा राहिला आहे.

त्याचं असं. चिन्मयच्या फीला सरकारी मदत हवी तर फॅफ्सा नावाचा अर्ज भरायचा, आणि तोही दरसाल. मिळकत 2024 ची विचारतात, पण ती करखात्याकडून परस्पर उचलतात. मग मालमत्ता. राहतं घर? नको म्हणे. निवृत्तीचा फंड? तोही नको. मेधा पाटल्यांचा रकाना चष्मा लावून शोधत होती, दागिनेही नकोत! पण राहत्या घराखेरीज जगात कुठेही जमीन असेल, तर ती मांडा. म्हणजे ज्या तुकड्यात गेल्या साली दोन पोती बाजरी निघाली आणि ज्याच्या विहिरीत पाण्यापेक्षा पारवे जास्त, ती आमची गुंतवणूक. विहीर आटल्याचं कळवायला रकाना नाही.

कॉलेजच्या पत्राची गंमत सांगायची राहिली. वर ‘अभिनंदन’, खाली मिळालेल्या मदतीची यादी, आणि त्या यादीत 5,500 डॉलर कर्ज! सोसायटीचं कर्ज काढलंत तेव्हा तुम्ही आणि आई आठ दिवस हळू आवाजात बोलत होता. इथे पेढे वाटायची पद्धत दिसते. त्यातले 3,500 गुणी आहेत: पोरगा शिकतोय तोवर आणि पुढे सहा महिने त्यांचं व्याज सरकार भरतं. उरलेल्या 2,000 वर मात्र उचलल्या दिवसापासून व्याज चढतं. तेवढं घेतलं. तिसरं कर्ज आईबापांच्या नावावरचं. व्याज शेकडा 8.94, शिवाय पैसे पोचण्याआधीच शेकडा चारच्या वर कापून घेतात. आपल्या खालच्या आळीतला सावकार आठवला. तो निदान चहा पाजायचा. चिन्मय म्हणाला, “बाबा, तेच घ्या ना, माझ्यावर बोजा नको.” पोरगा हुशार आहे, कॉलेजला घालायची गरजच नव्हती. ते कर्ज मी घेतलं नाही. शनिवारची जादा पाळी घेतली.

आता मुद्द्याचं. जमिनीच्या किमतीच्या जास्तीत जास्त शेकडा 5.64 रक्कम आम्हाला दरसाल झेपते असं धरतात. तुम्ही दहा लाख म्हणालात, तर आमच्या ऐपतीत वर्षाला साधारण 640 डॉलर, म्हणजे छप्पन हजार रुपये वाढले. दोन पोती बाजरीचे! आणि पारावर तर तुम्ही वीस लाख सांगता.

कमी लिहू म्हणाल, तर तेही नको. खोटी माहिती दिली तर 20,000 डॉलरपर्यंत दंड, नाहीतर तुरुंग, किंवा दोन्ही, असं त्यांनी सहीपाशीच छापलंय.

तरी शेजारच्या बांधाचा व्यवहार खरोखर कितीला झाला, ते चौकशी करून कळवावं. पारावरचा भाव नको. रुपयांतच लिहा, भागाकार मी करतो. जमीन विकणार नाही, काळजी नसावी.

आईला नमस्कार.

आपला,
विलास