डाईंग मास्टरचं फूल

नानांच्या घरी हल्ली चहा मागाहून मिळतो, आधी फूल बघावं लागतं. बघून झालं की "कसं आहे?" असं नाना विचारत नाहीत. "शेड कोणती म्हणशील?" असं विचारतात. इथे जो 'लाल' म्हणाला, त्याचा चहा गेला.

नाना मूळचे धुळ्याकडचे. खानदेशातून ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला उतरून लिंबायत-उधन्यात रुजलेली जी पिढी, त्यातले. पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये हेल्पर म्हणून लागले आणि डाईंग मास्टर म्हणून निवृत्त झाले. पार्टी बोटभर चिंधी टेबलावर टाकून "आ ज कलर जोईए" म्हणायची; नाना लॅब डिप काढायचे आणि तो रंग हजारो मीटर कापडावर उतरवायचे. टोन जरा तांबूस गेला की लॉट परत. त्यामुळे जगात 'लाल' नावाचा रंग नसतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. काकूंच्या साड्याही त्यांनी कधी रंगाने ओळखल्या नाहीत, केमिकलने ओळखल्या.

पुढे मुलाने कामरेजला फ्लॅट घेतला. खाली हायवे, पलीकडे ऊस, आणि दिवसभरात जुळवायला एकही शेड नाही. असा माणूस कशाला तरी लागणारच होता. भजनी मंडळाने दोनदा विचारून पाहिलं. नाना ऑर्किडला लागले.

त्यातही साधंसुधं ऑर्किड नाही. लग्नाच्या स्टेजवर जांभळी डेंड्रोबियमं खोचलेली असतात, त्यांना नाना 'इव्हेंटवाली' म्हणतात, आणि ते कौतुक नसतं. नानांचं ते पॅफ. पूर्ण नाव पॅफिओपेडिलम, म्हणजे स्लिपर ऑर्किड. खालची पाकळी सपातीच्या टोकासारखी फुगलेली. नानांना ती थैली म्हटलेली चालते, सपात म्हटलेली चालते, 'प्लास्टिकचं आहे का' हे चालत नाही. आणि येणारा प्रत्येक जण नेमकं तेच विचारतो, कारण फूल खरोखर वॉर्निश मारल्यासारखं चकाकतं. वर उभी पट्ट्यापट्ट्यांची पाकळी, दोन्ही बाजूंच्या पाकळ्यांच्या कडेला काळे चामखीळ आणि त्यांतून उगवलेले बारीक केस. देखणं म्हणावं की नाही, असा प्रश्न पडतो. मला अजून पडतो.

माहिती मात्र नानांकडे तयार असते. दक्षिण भारतात रानात स्लिपर म्हणाल तर एकच, अगस्त्यमलैच्या डोंगरातलं पिवळं. कर्नल ड्रुरीला १८६५ साली सापडलं आणि हौशी लोकांनी ओरबाडून जवळजवळ संपवलं. आणखी एक १८५७ मध्ये इंग्लंडात फुललं, मग असं हरवलं की त्याच्यावर १००० पौंडांचं बक्षीस लागलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व हिमालयात परत सापडलं. थैलीत पडलेल्या माशीला आल्या वाटेने चढता येत नाही. मागच्या अरुंद वाटेने निघावं लागतं आणि जाताना परागांचा गोळा पाठीवर घेऊनच सुटका होते. "टोलनाक्यासारखं," नाना म्हणतात, "फास्टॅगशिवाय बाहेर नाही." चौथ्या मजल्यावर ती माशी येत नाही, एवढीच त्यांची खंत.

नानांचं झाड रानातलं नव्हे. रानातल्या पॅफांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे. हे नर्सरीतलं संकरित रोप, कालिम्पाँगहून कुरिअरने आलं. पाकिटावर 'एनबीएस' लिहिलं होतं, नियर ब्लूमिंग साइज. हे नियर तीन वर्षं चाललं.

त्या तीन वर्षांत घराने जे भोगलं ते काकूंना विचारावं. कामरेजचं बोअरचं पाणी जड. पॅफच्या पानांची टोकं करपतात. म्हणून त्याला आरओचं पाणी. नानांनी टीडीएस मीटर आणला आणि तो सगळ्यात बुडवायला सुरुवात केली. एकदा माझ्या ताकातही बुडवला. झाडाला मातीही चालत नाही. पाइनची साल, कोळसा, नारळाच्या सालीचे तुकडे. याला पाणी साठवायला कंदबिंद नसतो, म्हणून मुळं सुकू द्यायची नाहीत. पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं तर गाभा कुजतो, म्हणून साठूही द्यायचं नाही. पावसाळ्यात नाना कापसाच्या बोळ्याने बेचके टिपत बसायचे. उन्हाळ्यात टेबलफॅन रात्रभर कुंडीवर. तेव्हा मात्र काकूंच्या तोंडून अहिराणी बाहेर आली, "तुमले येड लागनं का?"

मग यंदा पानांच्या मधून कळीचं टोक दिसलं आणि खरा वैताग सुरू झाला, कारण नानांना आता फोटो काढायचा होता.

फोन मरून रंगाला मरून म्हणत नाही. कधी गुलाबी म्हणतो, कधी विटकरी. नानांच्या दृष्टीने हा फोनचा दोष नव्हे, सरळ शेड फेल. त्यांनी गॅलरीत फोटो काढला, हॉलमध्ये काढला, बाथरूममध्येही काढला. ट्यूबलाइटखाली जुळणारे दोन रंग उन्हात फारकत घेतात, हे त्यांना आयुष्यभर माहीत. प्रोसेस हाउसमध्ये त्यासाठी निरनिराळ्या दिव्यांचं कॅबिनेट असतं. फ्लॅटमध्ये ते नाही, म्हणून सकाळी दहाच्या सुमाराला कुंडी गच्चीवर. रिंग रोडच्या मार्केटमधून काळ्या मखमलीचा तुकडा आणलेला, तो मागे. थर्माकोलची पांढरी शीट धरून मी बाजूला. थैली स्पष्ट आली की कडेचे केस पुसट, केस आले की थैली गेली. "हलू नको," नाना झाडाला म्हणाले. मी थांबलो.

तेवढ्यात शेजारचे भाई आले. त्यांचं एम्ब्रॉयडरीचं खातं आहे.

"नानाभाई, केटलानुं?"

"साडेआठशे. आणि तीन वर्षं."

"त्रण वरसमां एक फूल?" भाईंनी मनातल्या मनात मशीनचे टाके मोजले असावेत. "टके छे केटलुं?"

"दोन महिने सहज."

"तो ठीक छे," म्हणून भाई थोडे शांत झाले. रोजचा दर बसला होता. ही एक वाढ पुन्हा कधीच फुलत नाही, पुढचं फूल बाजूच्या नव्या फुटव्याला, हे नानांनी त्यांना सांगितलं नाही. धंद्यातला माणूस, उगाच जीवाला लागलं असतं.

शेवटी एक फोटो पास झाला. नानांनी चष्मा काढून, घालून, फोन फुलाशेजारी धरून तीनदा ताडून पाहिला आणि "टोन बरोबर" म्हणाले. इतक्या हलक्या आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला. अर्ध्या तासात एकवीस अंगठे आले, दोन हात जोडलेले आले, आणि बी विंगमधल्या एका पोराचा प्रश्न आला: "नाना, फिल्टर कोणता?"

नानांनी ग्रुप सोडला. संध्याकाळी मुलाने परत ॲड केलं, कारण टँकरच्या वेळा त्याच ग्रुपवर येतात.