टपावरची सायकल

आषाढ लागला की पुण्याहून पवना, मुळशी, ताम्हिणीकडे निघालेल्या गाड्यांच्या टपावर सायकली दिसू लागतात, एक त्याची आणि एक तिची. गाडीत तंबू, फुगवायची गादी, घडीच्या खुर्च्या, छोटी शेगडी आणि मॅगीची पाकिटं. धरणाकाठी मुक्काम करायचा आणि सकाळी भर पावसात दोघांनी सायकल मारायची, असा बेत असतो. या बेताला निसर्गप्रेम, व्यायाम, सहजीवन अशी भारदस्त नावं दिली जातात. प्रस्तुत स्तंभाचं म्हणणं असं, की या सहलीतलं सुख सायकल देत नाही, पाऊसही देत नाही. ते दोन किलोमीटरवर उभी असलेली कोरडी गाडी देते.

आधी पाऊस घेऊ. पुणे शहरात वर्षाला ७००-७५० मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्यात ४,००० च्या आसपास. शहरात नुसती भुरभुर सुरू झाली तरी हे जोडपं कोथिंबिरीची जुडी मोबाइलवरून मागवतं, ती आणणारा पोरगा ओलाचिंब होतो आणि त्याला ‘पिशवी बाहेरच ठेव, निथळतेय’ असं सांगितलं जातं. तेच जोडपं शनिवारी टोल भरून पाचपट पावसात भिजायला जातं. पाऊस एकच, फरक पत्त्याचा. ४११ पिनकोडात पडला तर चिखल, ४१० मध्ये पडला तर निसर्ग. तिथेही निसर्गाशी फार सलगी नको म्हणून कॅम्पवाल्यांनी सोय केलेली असते. पावसाळ्यात धरणाकाठच्या बऱ्याच ठिकाणी तंबू पत्र्याच्या शेडखाली लावतात. छपराखाली तंबू आणि तंबूत गादी ही रचना पाहिल्यावर घरी काय कमी होतं, असा प्रश्न एखाद्या सासूला पडलाच तर तिला दोष देता येणार नाही.

आता सायकल. हौशी लोक घेतात त्या सायकलींना मडगार्ड नसतं, कॅरिअर नसतं, पुष्कळदा स्टँड आणि घंटीही नसते. ओल्या रस्त्यावर मागचं चाक फिरलं की पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा पट्टा उमटतो. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीला दोन्ही मडगार्ड असतात, साखळीवर झाकण असतं, कारण ती पावसात चालवण्यासाठीच बनवलेली असते. रिमवर आवळणारे ब्रेक ओले झाले की लगेच लागत नाहीत. रबर आधी रिमवरचं पाणी पुसतं, मग धरतं. दूधवाला हे जाणतो आणि वळणाच्या बराच आधी ब्रेक दाबतो. हौशी स्वाराला हा शोध उतारावर, शेवाळ धरलेल्या कडेला लागतो. रेनकोटचं म्हणाल तर प्लास्टिक पाऊस आत येऊ देत नाही तसा घामही बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे चढ संपेपर्यंत माणूस आतून तितकाच भिजतो. (काही इतिहासकार सायकलचा जन्मच वाईट हवामानाशी जोडतात. १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखी फुटला, १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा झालाच नाही, घोड्यांचा दाणा महागला आणि १८१७ मध्ये कार्ल फॉन ड्राइसने दोन चाकांचं लाकडी यंत्र रस्त्यावर आणलं. पुरावा कच्चा आहे, पण निदान त्यात घोड्याच्या पाठीवर सायकल बांधलेली नव्हती.)

यावर पहिला आक्षेप सहजीवनाचा. एकत्र कष्ट सोसले की जवळीक वाढते, असं म्हणतात. पण घाटरस्त्यावर एकामागोमाग एकच चालावं लागतं. पुढचा वीस-पंचवीस मीटर पुढे, कानावर टोपी आणि टोपीवर पाऊस. अशा सहजीवनातला एकूण संवाद तीन वाक्यांचा असतो: ‘गिअर कमी कर’, ‘मागून टेम्पो येतोय’ आणि ‘आता उतारच आहे’. तिसरं वाक्य खरं निघाल्याचं फारसं ऐकिवात नाही. तरीही अशा सहलींतून जोडपी आनंदात परततात हे मान्य करायला हवं, आणि कारण उघड आहे. दोन तास बोलताच आलं नाही, तर भांडण कुठून होणार?

कष्टांचं म्हणाल, तर ते मनात येईल तेव्हा थांबवता येत असतील तरच गोड लागतात. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांतल्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी ५,००० रुपये मिळतात. गाडीच्या टपावरचा नामांकित कंपनीचा रॅक याहून महाग पडतो. ती मुलगीही पावसातच पायडल मारते, पाठीवर दप्तर आणि दप्तरावर प्लास्टिकची पिशवी. तिची चेन पडली तर दोन किलोमीटरवर गाडी उभी नसते, आणि तिच्या प्रवासाला कोणी साहस म्हणत नाही. मग मौज करूच नये का, असं कुणी विचारेल. करावी की, खुशाल करावी. फक्त तिला तपश्चर्या म्हणू नये.

पर्यावरणाचा मुद्दा मात्र ऐकूनच घेण्यासारखा नाही. दोन मिळून तीस किलोच्या सायकली नेण्यासाठी दीड टनाची गाडी पळवायची आणि टपावर वारा अडल्यामुळे इंधन जास्त जाळायचं, यात वाचलं काय? पवना पुण्याहून पन्नास-साठ किलोमीटर. सराव असलेला सायकलस्वार ते अंतर सकाळभरात कापतो.

राहिला सगळ्यांत वजनदार आक्षेप: शहरात सायकल चालवायची कुठे? हे खरं आहे. एके काळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्याचा सायकल आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला, पण जे ट्रॅक आहेत त्यांवर फळांच्या गाड्या, दुचाक्या आणि बांधकामाची खडी सुखानं नांदते. कामावर सायकलनं जायची इच्छा असूनही धीर होत नाही, अशा माणसाला हसण्यात अर्थ नाही. मात्र ज्यांनी नगरसेवकाला धरून हे ट्रॅक मोकळे करून घ्यायचे, ज्यांच्याकडे वेळ आहे, आवाज आहे आणि दोन महागड्या सायकलीही आहेत, ते रविवारी पवनेला असतात. सोमवार ते शुक्रवार त्यांची टपावर रॅक असलेली गाडी त्याच ट्रॅकवर अर्धी चढून उभी असते.

ती गाडी तिथून काढा, एवढी पहिली विनंती. दुसरी त्याहून सोपी आहे. पुढच्या सहलीआधी दोन्ही सायकलींना मडगार्ड बसवून घ्या, फार खर्च येत नाही. एकामागोमाग चालताना अंतर कमी झालं की पुढच्याच्या मागच्या चाकाचा चिखल मागच्याच्या तोंडावर उडतो, आणि बहुतेक जोड्यांत पुढे नवराच असतो.