कार्लटनांचा जावई

अहो काकू! मेथी निवडताय? निवडा, मी इथूनच बोलते. नातू आत व्हायोलिनवर तेच चार सूर घासतोय, ऐकू येतंय हो आमच्याकडे. रागावू नका त्याच्यावर. परवा आम्ही विल्क्सबरोला मर्लफेस्टला जाऊन आलो ना, तिथं अशीच शेंबडी पोरं झाडाखाली गोल करून फिडल नि गिटार वाजवत बसली होती. ना वही, ना परीक्षा.

तो उत्सव गिटारवाल्या डॉक वॉटसनच्या मुलाच्या नावाचा. डॉक आपल्या नॉर्थ कॅरोलायनाचाच, वर डोंगरातल्या डीप गॅपचा. जन्म 1923चा. वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा डोळ्यांना संसर्ग होऊन दृष्टी गेली. नऊ भावंडांतला सहावा. बाप चर्चमध्ये गाण्याला पुढं असायचा. नाताळात पोराला दरवर्षी नवा माउथऑर्गन. अकराव्या वर्षी बापानं स्वतः बँजो करून दिला, आणि त्याच्यावर कातडं कुणाचं ठाऊक आहे? आजीच्या म्हाताऱ्या मांजराचं! नाक काय मुरडता, आपल्या तबल्यावर काय केळीचं पान असतं?

गिटारचीही अशीच गोष्ट. कुणाची तरी मागून आणलेली घेऊन बसला होता. बाप म्हणाला, संध्याकाळपर्यंत एक गाणं बसव, मग तुला घेऊन देतो. पठ्ठ्यानं बसवलं! बारा डॉलरची स्टेला गिटार घरात आली. पुढची मात्र त्यानं स्वतःच्या कमाईतून घेतली. तेव्हा रोग पडून डोंगरातली चेस्टनटची झाडं उभ्याउभ्या वाळली होती. भावाबरोबर ती तोडायची आणि लाकूड कातडी कमावणाऱ्यांना विकायचं. दृष्टी नसलेल्या पोराच्या हाती दोन माणसांची करवत देणारा बाप बघा! आपल्याकडे आईनं त्याला उंबरा ओलांडू दिला नसता.

आता जरा जवळ या. 1947मध्ये लग्न झालं ते रोझा ली कार्लटनशी. दूरच्या नात्यातलीच हो! आणि सासरे कोण, तर फिडलवाले गेदर कार्लटन. जुन्या चालींचा साठाच हाताशी आला म्हणायचा. हुंड्यात असलं काही मिळालं तर मी नाही म्हणणार नाही.

पण चालींनी पोट कुठं भरतंय? डॉक पियानोचे सूर लावून द्यायचा. 1953च्या सुमारास एका नाचाच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायला लागला. लोकांना हवा स्क्वेअर डान्स आणि बँडमध्ये फिडलवालाच नाही! मग यानं फिडलच्या चाली, त्याच वेगात, पिकनं गिटारवर काढायला सुरुवात केली. तोवर तिथल्या बहुतेकांची गिटार आपल्या पेटीसारखी मागून साथ धरायची, ती अशी पुढं येऊन बसली. एक माणूस कमी पडला म्हणून एवढं झालं, बघा!

1960मध्ये राल्फ रिंझलर नावाचा माणूस जुनं डोंगरी संगीत शोधत आला, तर डॉककडे साधी, बिनविजेची गिटारच नाही. उसनी आणली. मग 1963ला न्यूपोर्टच्या महोत्सवात शहरी मंडळी त्याच्यावर फिदा! अस्सल परंपरा म्हणे. अहो, तो आदल्या आठवड्यापर्यंत विजेवरच्या गिटारवर नाचाची गाणी वाजवत असता तरी परंपरेचं काय बिघडणार होतं? मला तर तेच जास्त आवडतं.

आणि मर्ल, त्याचा मुलगा? बाप दौऱ्यावर असताना 1964मध्ये त्याला गिटारचे पहिले कॉर्ड शिकवले आईनं, रोझा लीनं! डॉक परत येतो तर पोरगा साथीला तयार. काही महिन्यांत बापाबरोबर स्टेजवर. वीस वर्षं दोघं बरोबर फिरले. 1985ला ट्रॅक्टरच्या अपघातात मर्ल गेला. 1988पासून त्याच्या नावानं उत्सव सुरू झाला.

सगळे डॉक-डॉक करतात, करू देत. पण बाप फिडलवाला, नवरा गिटारवाला, मुलगा तिनं शिकवलेला, तरी त्या बाईचं नाव तुम्ही आज पहिल्यांदा ऐकलंत ना? रॉबर्ट प्लांट आणि ॲलिसन क्राउसचा 'रेझिंग सँड' अल्बम आहे ना, 2007चा, त्यातलं शेवटचं गाणं नातवाला लावून द्यायला सांगा. ते मूळचं रोझा ली आणि डॉक या दोघांचं.