दांडी धरणारे आणि दांडी मारणारे

अहो वहिनी, जरा इकडे या. गेटमधून कशाला, इथंच भिंतीपाशी या, कढीपत्त्याजवळ. कोपऱ्यावरच्या बंगल्यात सकाळी टेम्पो आला होता, बघितलात की नाही? ट्रेडमिल आली! हमाल वर न्यायला निघाले होते, पण जिन्याच्या वळणावर अडकली ती अडकलीच. शेवटी खाली आणून दिवाणखान्यात टीव्हीसमोर मांडली. मला काय करायचंय म्हणा. पैसे त्यांचे, दिवाणखानाही त्यांचाच. पण मी आपली वाटी घेऊन जाऊन आले. विरजण मागायला.

तर बघते काय, काका पट्ट्यावर चालतायत आणि दोन्ही हातांनी पुढची दांडी धरलेली, एसटीत उभं राहून घाट चढल्यासारखी! पडद्यावर आकडा नाचतोय, इतक्या कॅलरी जळल्या म्हणून, आणि काकू कौतुकानं बघतायत. मला राहवेना. म्हटलं, काका, हात सोडा आधी. दांडीवर भार टाकला की पायांचं काम कमी होतं आणि मशीनला बापडीला ते कळत नाही. ती आपली वेग आणि वेळ बघून आकडा ठोकते. तुमचं वजन तरी घातलंय का तिच्यात? तर नव्हतंच घातलं. मग कुणाच्या कॅलरी मोजत होती ती, देव जाणे. त्यातून सत्तर किलोच्या माणसानं ताशी पाच किलोमीटरनं अर्धा तास सपाटीवर चाललं तरी जेमतेम सव्वाशे जळतात. एका वडापावात त्याच्या दुप्पट असतात. हे मी त्यांना सांगितलं नाही हो, विरजण मिळायचं होतं अजून.

मला कसं ठाऊक म्हणजे? आमच्या ह्यांची टीएमटी झाली तेव्हापासून मी निम्मी डॉक्टर झालेय! छातीला वायरी चिकटवून ट्रेडमिलवर चालवतात ना, तीच. रॉबर्ट ब्रूस म्हणून अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ होते, त्यांची १९६३ सालची पद्धत अजून आपल्याकडे चालते. सुरुवात ताशी फक्त २.७ किलोमीटरनं, म्हणजे आपण भाजी निवडत निवडत मंडईत फिरतो तेवढीच. पण चढ पहिल्यापासून दहा टक्के. आणि दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो, चढही वाढतो. आमचे हे पहिल्या टप्प्यात टेक्निशियनला कांद्याचे भाव सांगत होते, दुसऱ्यात नुसते 'हो, हो', आणि तिसऱ्यात बोलणंच बंद. तिथंही ती मुलगी दोनदा ओरडली, काका, दांडीला बोटं नुसती टेकवा, लटकू नका. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, शरीर बसलंय. हे तेवढ्यानं खूश! 'ठीक आहे' एवढंच ऐकू आलं त्यांना.

पण फिजिओ मोठी हुशार भेटली हो. ह्यांनी तिला विचारलं, नाडी कितीवर न्यायची? मशीनवर छापलेलं असतं ना, २२० वजा वय, आणि मग त्याचे इतके टक्के वगैरे. ती म्हणाली, तुम्ही नाडी मंद ठेवणारी बीपीची गोळी घेता, तुमची नाडी त्या आकड्याला पोचायचीच नाही, उगाच पळत सुटाल. तुमच्यासाठी सोपी खूण आहे. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. गाणं म्हणता आलं तर फार सावकाश चाललंय, आणि वाक्य मध्येच तुटायला लागलं तर फार जोरात.

झालं! मला कामच मिळालं. हे मशीनवर चढले की मी शेजारी स्टूल टाकून बसते आणि गल्लीच्या बातम्या सांगते. उत्तर ऐसपैस आलं की बटण दाबून वेग वाढवायचा, नुसतं 'हं' आलं की कमी करायचा. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं ते ट्रेडमिलवरच! उतरायच्या आधी मात्र चार-पाच मिनिटं अगदी हळू चालायचं हं. एकदम थांबलं तर रक्त पायातच राहतं आणि गरगरतं. आणि ती लाल चावी असते ना दोरीची, तिचा चिमटा सदऱ्याला लावायचा. घसरलात तर चावी ओढली जाऊन पट्टा थांबतो. काकांची चावी कुठं होती विचारा? टीव्हीच्या रिमोटशेजारी.

किती वेळ म्हणताय? जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं असा मध्यम दमाचा व्यायाम, आणि दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम. दीडशे म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. सलगच हवा असंही नाही, दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतात. बऱ्याच दिवसांनी सुरू करणाऱ्यानं तर तुकडेच करावेत. लोक पहिल्याच दिवशी तासभर धावतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आई करतात.

मागच्या गल्लीतल्या सूनबाईंचं तसंच झालं. तुम्हाला म्हणून सांगते, कुणाला बोलू नका. एक जानेवारीला जिमची वर्षाची फी एकदम भरली. एकदम भरली की स्वस्त पडते ना! बूट नवे, बाटली नवी, पट्टीसारखं घड्याळ नवं. संक्रांतीपर्यंत रोज फोटो. आता स्कूटर सरळ जिमवरून पुढे ब्युटी पार्लरला जाते. पण मी म्हणते, जिमचा धंदाच त्यावर आहे. वर्गणी भरलेले सगळे रोज आले तर ट्रेडमिलसाठी कुपन काढायला लागेल. आपल्यासारख्यांनी एक-एक महिन्याचीच भरावी, महाग पडली तरी. आणि जायचं तर अकराच्या बायकांच्या बॅचला. सकाळी सहाला पोरं आरशासमोरून हलत नाहीत.

मी आपली आठवडाभर फुकट ट्रायलला जाऊन आले. तिथं कोपऱ्यात रोइंगचं मशीन असतं, वल्ही मारायचं. त्यावर कुणी बसतच नाही, नाहीतर बसून मोबाईल बघतात. नाशकातल्या लोकांना तरी शोभत नाही हे! आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, पाण्याचं दुर्भिक्ष असलेल्या गावचा मुलगा, लष्करात जाऊन वल्ही मारायला शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्णपदक! आणि आपण तळपायाचा पट्टा बांधायला आळस करतो. बरं, बसतात ते पाठीनं ओढतात आणि मग कंबर धरून येतात. आधी पायांनी रेटायचं, मग धड मागे, हात सगळ्यात शेवटी. पंख्याच्या बाजूला एक ते दहा आकड्यांचा खटका असतो, तो पोरं दहावर नेऊन ठेवतात. त्यानं ताकद मोजली जात नाही हो, पंख्यात हवा किती जाऊ द्यायची तेवढंच ठरतं. तीन-चारवर ठेवून नीट ओढलं तरी घाम निघतो.

तुमचे गुडघे बोलतात म्हणून तुम्ही घाबरता ना? मग सायकल घ्या. वजन सीटवर, गुडघ्याला दणके नाहीत. फक्त सीट उंच ठेवा. पॅडल खाली गेलं की गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. आपल्या बायका पाय टेकावेत म्हणून सीट खाली घेतात आणि मग म्हणतात, सायकलनं गुडघे गेले. क्रॉस ट्रेनरही चालेल, त्यात पाऊल पॅडलवरून उचलतच नाही. पण घरी घेऊ नका, जागा फार खातो आणि स्वस्तातला असला तर दोन महिन्यांत कुरकुरायला लागतो. गुडघा सुजत असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग दुकान.

हो, कृषीनगरचा ट्रॅक आहे, पांडवलेणीच्या पायऱ्या आहेत, सगळं फुकट आहे, खरंय तुमचं. दिवाळीनंतर थंडी पडली की मीही म्हणते बाहेरच जावं. पण आपल्याकडे पाऊस एकदा लागला की छत्री सांभाळायची की चालायचं? त्या दिवसांत ज्याची साखळी तुटली त्याचा पुढं गणपती, नवरात्र, दिवाळी करत मार्च उजाडतो. मशीनचा खरा उपयोग तेवढाच, खाडे टाळायचा. बाकी त्या बाहेर चालणाऱ्या मंडळींचंही मला सांगू नका. रविवारी सगळे ट्रॅकवरून थेट मिसळीला! वर जिलबी. आमचे हेही त्यातच.

अय्या, कुकर झाला वाटतं तुमचा. जा, पण एक ऐका. तुमच्या भावाला घरी ट्रेडमिल घ्यायचीय म्हणत होतात ना? त्याला म्हणावं, नवी घेऊ नकोस. आम्ही सेकंडहँडच घेतली, पुण्याला बदली झालेल्या एका कुटुंबाची. निम्म्याहून कमी पैशांत मिळाली आणि पट्ट्यावर ओरखडासुद्धा नव्हता, यावरून काय ते समजा. फक्त मालक म्हणेल त्यावर जाऊ नये. सगळ्यात जाड माणसाला घेऊन जावं आणि अर्धा तास तिच्यावर चालवावं. पट्टा झटके देत असेल, एका बाजूला सरकत असेल किंवा मोटारीला जळका वास येत असेल तर सोडून द्यावी. पट्ट्याखाली सिलिकॉनचं तेल शेवटचं कधी घातलं तेही विचारावं. मालक नुसता बघत राहिला तर भाव अजून खाली आणावा. आणि पैसे द्यायच्या आधी तिला घरी उचलून आणायची सोय करावी. आम्हाला टेम्पोवाल्यानंच लुटलं.