नियम १५५चे काका

दिल्लीतल्या मयूर विहार फेज वनच्या सोसायट्यांमध्ये निवृत्त सरकारी बाबूंची वानवा नाही. दर जिन्यात दोन तरी निघतात. त्यातला खरेदी विभागातून निवृत्त झालेला बाबू मात्र लांबूनही ओळखू येतो. मदर डेअरीच्या बूथवर दुधाची पिशवी घेताना तो आधी तारीख वाचतो आणि मग खालच्या थरातली पिशवी मागतो.

आमचे काका या मंडळींचे मेरुमणी. निर्माण भवनात उभी हयात कोटेशनं उघडण्यात गेली. ४०,००० रुपयांच्या आत फोर-के टीव्ही घ्यायचा, हे त्यांनी जाहीर केल्याला दोन दिवाळ्या उलटल्या.

तुम्ही-आम्ही दुकानात जातो, मोठा दिसेल त्याच्याकडे बोट करतो आणि कार्ड पुढे करतो. काकांना सामान्य वित्तीय नियम, २०१७ तोंडपाठ. त्यातल्या मूळ नियम १५४प्रमाणे २५,००० रुपयांपर्यंतची वस्तू कोटेशनशिवाय घेता येत असे. त्यापुढे नियम १५५ : तीन सदस्यांची स्थानिक खरेदी समिती नेमायची, तिने बाजार फिरून दर वाजवी आहे की नाही ते पाहायचं आणि तसं प्रमाणपत्र सह्यांनिशी द्यायचं. टीव्ही पंचवीसच्या वर जातोय म्हटल्यावर काकांनी घरात समिती नेमली. अध्यक्ष स्वतः, सदस्य काकू आणि व्हिडिओ कॉलवर बंगळुरूचा मुलगा. मुलगा म्हणाला, "बाबा, मी ऑनलाइन मागवून देतो, पैसे पण मीच भरतो." हितसंबंध उघड झाल्यामुळे त्याचं सदस्यत्व तिथल्या तिथे स्थगित झालं.

नोएडाच्या सेक्टर १८मधल्या एका शोरूममध्ये काकांबरोबर गेलं म्हणजे हा माणूस कळतो. भिंतभर टीव्हींवर पोपट, धबधबे आणि मध टपकत असतो. काका पहिलं वाक्य टाकतात, "ये सब बंद करो. सह्याद्री लगाओ." विक्रेता पोरगा गोंधळतो, "अंकल, ये कौन से ऐप पे आता है?"

हसू नका, काकांचं म्हणणं बिनतोड आहे. फोर-के पडद्यावर ठिपके ८३ लाखांच्या आसपास. साध्या एसडी वाहिनीच्या चित्रात जेमतेम ४ लाख. उरलेले टीव्हीने स्वतःच्या अकलेने भरायचे, आणि स्वस्त टीव्हीची अक्कल नेमकी तिथे उघडी पडते. पोपट सगळ्याच टीव्हींवर छान दिसतो, पण काकूंच्या मालिकेतली सासू कशी दिसते ते बघायला नको?

मग काका भिंतीला चिकटून तिरके उभे राहतात, कारण काकू मालिका बघतात ती स्वयंपाकघराच्या दारातून, पोळ्या लाटता लाटता. व्हीए पॅनेल समोरून काळाकुट्ट काळा दाखवतं, पण बाजूने पाहिलं की रंग उडतात. आयपीएस बाजूने बरं, पण अंधाऱ्या प्रसंगात काळ्याचा राखाडी करतं. पोरगा म्हणतो, "सर, क्यूएलईडी ले लीजिए." काका खुर्ची मागवतात आणि शिकवणी सुरू होते. ओएलईडीचा प्रत्येक ठिपका आपापला उजळतो; क्यूएलईडी म्हणजे मागे दिवे असलेला एलसीडीच, फक्त रंग खुलवणारा एक पापुद्रा जास्त. खोक्यावर मोशन रेट २४० लिहिलंय, पण पॅनेल किती हर्ट्झचं? पोरगा हळूच म्हणतो, "साठ." आता तिथे नवा पोरगा लागला की मॅनेजरच त्याला काकांच्या हवाली करतो.

घरी मोजपट्टी निघाली. सोफ्यापासून भिंत ८ फूट. ४३ इंचांच्या पडद्यावर फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक साधारण डोळ्याला साडेपाच-सहा फुटांपलीकडे कळत नाही. म्हणजे सोफा पुढे ओढायचा किंवा टीव्ही ६५ इंची घ्यायचा. सोफा ओढला तर बाल्कनीचं दार उघडत नाही आणि ६५ इंची घ्यायला बजेट नाही. काकू म्हणाल्या, "अहो, आधी मोतीबिंदू काढून घ्या, घरबसल्या फोर-के दिसेल." सूचना विचाराधीन आहे.

२२ सप्टेंबर २०२५ला ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. काकांनी वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडलं : ३६,०००चा टीव्ही, कराशिवाय २८,१२५, नव्या दराने ३३,१८८. आम्हाला वाटलं, फाइल निघाली एकदाची. काका म्हणाले, "कमी होतंय म्हणजे अजून होऊ शकतं."

हे आजचं नाही. १९८२च्या एशियाडच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झालं. नेहरू स्टेडियमवरचा उद्घाटन सोहळा काकांनी शेजाऱ्यांकडे रंगीत पाहिला आणि दुसऱ्या महिन्यात स्वतः कृष्णधवल संच घेतला. रंगीत तंत्रज्ञान, त्यांच्या मते, अजून स्थिरावायचं होतं.

याला कंजूषपणा म्हणणारे आहेत, पण ते चूक आहे. कंजूष माणूस मेट्रोने लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटला जाऊन, काही न घेता, दुकानदाराला स्वतःच्या पैशाने चहा पाजून परत येत नाही. काकांना टीव्ही नकोच आहे, त्यांना निविदा हवी आहे. शिवाय आमच्या जिन्यातले सगळे नवे टीव्ही त्यांनीच निवडलेत आणि अजून एकाचीही तक्रार नाही. त्यांच्या स्वतःच्या घरी जुना ३२ इंची चालू आहे.

तेव्हा फेज वनमध्ये कुणाला टीव्ही घ्यायचा असेल तर काकांना जरूर बरोबर न्या. जेवून निघा, मोजपट्टी नेऊ नका, ती त्यांच्या खिशात असते. फक्त पैसे भरायची वेळ आली की त्यांना वॉशिंग मशीनच्या रांगेकडे पाठवा. नाहीतर बिल फाटायच्या आत ते तुम्हाला दिवाळीपर्यंत थांबायला लावतील.