अण्णांचा तंबू

मिनेसोटात तळी गोठली की बर्फाला भोक पाडून मासे धरणारे एकीकडे आणि घरात बसून त्यांना वेड्यात काढणारे दुसरीकडे, अशी सरळ वाटणी होते. आमचे मूळचे सोलापूरचे अण्णा दोन्हींकडे नाहीत. ते तंबू निवडतात.

दसऱ्याच्या सुमारास दुकानांत हिवाळी माल लागला की अण्णांचा फोन येतो. "काय रे, हब घ्यावा की फ्लिप?" आपलं उत्तर त्यांना नको असतं. हब म्हणजे बर्फावर उभी करायची कापडी खोली. प्रत्येक भिंतीच्या मधोमध असलेली पट्टी धरून बाहेर ओढली की भिंत फट्कन ताणून उभी राहते. आत जागा ऐसपैस, वजन कमी. पण बर्फात खिळे पिळून बांधला नाही तर वारा तो घेऊन जातो. फ्लिप म्हणजे खाली प्लास्टिकची स्लेड, म्हणजे घसरगाडी, तिच्यावरच खुर्च्या आणि बाबागाडीच्या छतासारखं मागून डोक्यावर ओढून घ्यायचं कापड. मिनेसोटाच्याच डेव्ह गेंझ यांनी १९८० च्या सुमारास असा तंबू बनवला. मासा लागला नाही तर बसून राहू नका, उठा आणि पुढचं भोक पाडा, हा त्यांचा धडा. अण्णा त्यांचं नाव कानाच्या पाळीला हात लावून घेतात आणि सोफ्यावरून हलत नाहीत.

मग अस्तर. अस्तराच्या कापडात ऊब टिकते, छतावरून पाणी टपकत नाही. पण वजन वाढतं. या एका मुद्द्यावर गेल्या वर्षी अख्खा नोव्हेंबर गेला. दुकानात मांडलेल्या तंबूत अण्णा बूट काढून बसले, डोळे मिटले, वहिनींनाही शेजारी बसवलं. वहिनी म्हणाल्या, "अहो, मला बघायला आलात तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणालात!"

अखेर दोन माणसांचा, अस्तराचा फ्लिप ठरला. पन्नास किलोच्या वरचा ऐवज. अण्णांनी व्हॅन आधीच टेपने मोजली होती. लांबी बसली, रुंदी बसली. मागच्या दाराची चौकट मात्र मोजायची राहिली होती. तंबू अर्धा आत, अर्धा बाहेर. शेजारचा गोरा गृहस्थ पिकअप घेऊन आला, एका दमात तंबू मागे टाकून मोकळा झाला. त्या साधेपणाचा अण्णांना रागच आला.

निघण्याआधी बर्फाचा हिशेब झाला. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या तक्त्यात पायी चालायला चार इंच, लहान मोटारीला नऊ-दहा, पिकअपला त्याहून जास्त. अण्णांनी त्यात वहिनींचा डबाही धरला. मिल लॅक्स तळ्यावर रिसॉर्टवाले बर्फावरून रस्ते काढून देतात, त्याचे पैसे घेतात. पैसे द्यायचे नाहीत, म्हणून काठावरच उतरायचं ठरलं. पुढची ओढाताण माझ्या वाट्याला. कंबरेला दोर, मागे स्लेड आणि तिच्यावर ड्रिल, हीटर, सिलिंडर, बादली, ठेपल्यांचा डबा. अण्णा पुढे चालत, हाताने दिशा दाखवत. "उचलू नकोस रे, घसरू दे!" बर्फावर ताज्या हिमाचा थर असला की स्लेड घसरत नाही, रुतते, हे त्यांना कोण सांगणार?

पोचल्यावर ते खुर्चीत बसले ते बसलेच. राहिलेलं सामान आणायला उठा म्हटलं तर म्हणाले, "घडीचा तंबू बेवारस सोडला की परवाना लागतो. मी इथून हलू शकत नाही." इतक्या सोयीचा कायदा मी दुसरा पाहिला नाही.

भोक पाडून झालं, वॉलआय माशासाठी गळ खाली सोडला. हीटर पेटवला. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठतो, म्हणून अण्णांनी वरचा झरोका उघडला, दाराची चेनही वीतभर खाली घेतली आणि त्या फटीला डोळा लावून बसले. थोड्या वेळाने गळाची काठी वाकली.

"अण्णा, लागलाय! ओढा!"

"थांब रे जरा," फटीवरचा डोळा न काढता ते म्हणाले, "त्या समोरच्याच्या हबला आतून खिसे किती आहेत, दिसतायत का तुला?"